विश्लेषण : २१ दिवसांची मुदत, एक पत्र आणि कुंपणानेच खाल्लेले शेत... युद्धानंतरच्या इस्तंबूलमध्ये काय घडले?

दुसरे महायुद्ध अधिकृतपणे संपून दोनच दिवस झाले होते. ४ सप्टेंबर १९४५ रोजी इस्तंबूलमधील ब्रिटिश वाणिज्य दूतावासात एक रशियन अधिकारी पत्नीसह आला. ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणेत शिरलेल्या सोव्हिएत हेरांची माहिती आपण देऊ शकतो, असे त्याने सांगितले. मोबदला म्हणून त्याला आश्रय आणि रोख रक्कम हवी होती. उत्तरासाठी त्याने २१ दिवस दिले. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी तो आणि त्याची पत्नी स्ट्रेचरवरून, गुंगीत, मॉस्कोच्या विमानात चढवले गेले. त्यानंतर बाहेरच्या कुणालाही ते दिसले नाहीत. हेरगिरीच्या इतिहासात ‘व्होल्कोव प्रकरण’ म्हणून ओळखली जाणारी ही घटना नेमकी काय होती, ती तटस्थ म्हणवणाऱ्या शहरातच का घडली आणि तिची जबाबदारी एकट्या किम फिल्बीवर टाकता येते का, याचा हा आढावा.

व्होल्कोव कोण होता? त्याच्याकडे काय होते?

कॉन्स्टँटिन व्होल्कोव हा इस्तंबूलमधील सोव्हिएत वाणिज्य दूतावासात कागदोपत्री उपवाणिज्यदूत होता. प्रत्यक्षात तो एनकेजीबीचा, म्हणजे पुढे केजीबी म्हणून प्रसिद्ध झालेल्या यंत्रणेचा, अधिकारी होता. इस्तंबूलला येण्यापूर्वी त्याने मॉस्कोतील मुख्यालयात ब्रिटनविषयक विभागात काम केले होते. त्यामुळे लंडनमध्ये आपली कोण माणसे पेरलेली आहेत, याचा अंदाज त्याला होता.

ऑगस्टच्या अखेरीस त्याने ब्रिटिश उपवाणिज्यदूत चॅन्ट्री पेज यांना भेटीची वेळ मागणारे पत्र पाठवले. त्याला उत्तरच मिळाले नाही. शेवटी तो पत्नी झोयाला घेऊन स्वतः पोहोचला. पेज यांना रशियन येत नव्हते. दूतावासातील जॉन रीड या अधिकाऱ्याला रशियन येत असल्याने दुभाष्याचे काम त्यांनी केले.

व्होल्कोवने मांडलेला सौदा असा होता. तुर्कस्तानातील ३१४ आणि ब्रिटनमधील २५० सोव्हिएत हस्तकांची माहिती तो देणार होता. ब्रिटिश परराष्ट्र खात्यात दोन आणि गुप्तचर यंत्रणेत सात सोव्हिएत हेर आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्या सातांपैकी एक जण लंडनमध्ये हेरविरोधी कामाच्या एका विभागाचा प्रमुख आहे, हा त्यातला सर्वांत स्फोटक तपशील. कागदपत्रे मॉस्कोतील एका रिकाम्या घरात सुटकेसमध्ये ठेवली आहेत आणि पैसे व आश्रय मिळाला की पत्ता सांगू, असे त्याने कळवले. त्याने मागितलेली रक्कम ५० हजार पौंड होती. काही नोंदींत याहून कमी आकडा आढळतो.

व्होल्कोव काही हुतात्मा किंवा आदर्शवादी बंडखोर नव्हता. तो स्टालिनच्या गुप्त पोलीस यंत्रणेत वर चढलेला माणूस होता आणि जवळची माहिती बाजारभावाने विकायला निघाला होता. तरीही त्याच्याकडचा माल खरा होता, हे पुढे सिद्ध झाले.

हे सगळे इस्तंबूलमध्येच का?

दुसऱ्या महायुद्धाचा बहुतांश काळ तुर्कस्तान तटस्थ राहिला. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याने जर्मनी आणि जपानविरुद्ध युद्ध पुकारले खरे, पण तुर्की सैन्य लढले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेत बसायचे तर १ मार्चपूर्वी युद्ध पुकारणे आवश्यक होते. घोषणा त्यासाठी होती.

तटस्थ शहराचा हेरांना होणारा फायदा साधा आहे. युद्ध करणाऱ्या देशाच्या राजधानीत शत्रूचा दूतावास नसतो. तटस्थ शहरात मात्र सगळ्यांचे दूतावास, सगळ्यांचे पत्रकार, सगळ्यांचे व्यापारी असतात. एकाच हॉटेलच्या बारमध्ये दोन्ही बाजूंचे लोक बसतात. इस्तंबूलला त्यात भूगोलाची जोड होती. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जाणारे प्रत्येक जहाज बॉस्फरसमधून, म्हणजे अक्षरशः शहराच्या मधोमध जाते. बाल्कन देशांतून पळून येणारे निर्वासितही इथेच उतरत. बंदराकडे पाहत बसलेल्या माणसालाही विकण्यासारखी माहिती मिळत असे.

युद्ध संपल्यावर हे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत संघाने तुर्कस्तानबरोबरचा १९२५चा मैत्री करार पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी सामुद्रधुन्यांवर लष्करी तळ आणि कार्स व अर्दाहान या पूर्वेकडील भागांची मागणी केली. म्हणजे व्होल्कोव ब्रिटिशांच्या दारात आला तेव्हा जर्मन हेर पडद्याआड गेले होते आणि शीतयुद्धाची पहिली फळी त्याच गल्ल्यांत उभी राहत होती. कालचे मित्र आता एकमेकांवर नजर ठेवून होते.

तटस्थतेची किंमत कोणी मोजली?

तटस्थता म्हणजे हात स्वच्छ, असे वाटू शकते. तुर्कस्तानचा अनुभव तसा नाही. त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवले होते. शस्त्रनिर्मितीला लागणारे क्रोम तो मित्रराष्ट्रांना विकत होता, तसेच जर्मनीलाही. जर्मनीचा पुरवठा थांबला तो एप्रिल १९४४ मध्ये, मित्रराष्ट्रांचा दबाव वाढल्यावर आणि युद्धाचे पारडे फिरल्यावर.

सर्वांत काळा प्रसंग ‘स्ट्रुमा’ जहाजाचा. रुमानियातून निघालेल्या ज्यू निर्वासितांचे हे मोडकळीला आलेले जहाज डिसेंबर १९४१ मध्ये इस्तंबूलला पोहोचले. इंजिन बंद पडलेले. ब्रिटन पॅलेस्टाइनमध्ये प्रवेश द्यायला तयार नव्हते आणि तुर्कस्तान त्यांना किनाऱ्यावर उतरू देईना. दहा आठवडे ते शहरासमोर उभे होते. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी तुर्की अधिकाऱ्यांनी जहाज ओढून काळ्या समुद्रात नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत पाणबुडीने ते बुडवले. जहाजावरील साडेसातशेहून अधिक लोकांपैकी एकच वाचला. यात तीन देशांचा हात होता आणि प्रत्येकाकडे आपापले नियम दाखवण्याची सोय होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानने संपत्ती कर लावला. कागदावर तो सर्वांसाठी होता. प्रत्यक्षात ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू व्यापाऱ्यांवर त्याचा बोजा कितीतरी पटींनी अधिक होता. भरू न शकणाऱ्यांना पूर्वेकडील अश्काले येथे सक्तीच्या मजुरीला धाडले गेले.

याच शहरात उलटी उदाहरणेही आहेत. व्हॅटिकनचे इस्तंबूलमधील प्रतिनिधी आँजेलो रोंकाली, जे पुढे पोप तेविसावे जॉन झाले, त्यांनी ज्यू निर्वासितांना मदत केली. म्हणजे पर्याय नव्हताच, असे म्हणता येत नाही.

व्होल्कोवने तार पाठवू नका, असे का सांगितले?

या प्रकरणाचा तांत्रिक गाभा इथे आहे. व्होल्कोवची एक ठाम अट होती : माझ्याविषयी लंडनला एकही तार जाता कामा नये. ब्रिटिशांचे काही गुप्त संकेत सोव्हिएत यंत्रणेने फोडले आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे सगळे हाताने लिहून, राजनैतिक टपालाच्या सीलबंद थैलीतून पाठवावे लागले.

आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने संदेशवहनाचा मार्ग सुरक्षित केला. व्हॉट्सअॅपवर ‘एंड टू एंड एन्क्रिप्शन’ असते, म्हणजे संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण ज्याच्या फोनवर संदेश उघडणार, तोच माणूस विरोधकाचा असेल तर? मग कुलूप कितीही भक्कम असले तरी उपयोग नाही. व्होल्कोवने वाटेचा विचार केला होता. टोकाला कोण बसले आहे, हे त्याच्या हातात नव्हते.

दुसरा तोटा वेळेचा. तार काही तासांत पोहोचली असती. थैली लंडनला पोहोचून कागद योग्य टेबलावर येईपर्यंत १९ सप्टेंबर उजाडला. २१ पैकी १५ दिवस तिथेच संपले.

पत्र कुणाच्या हाती पडले?

ब्रिटनच्या परदेशी गुप्तचर यंत्रणेचे, म्हणजे एमआय-६चे, प्रमुख स्ट्युअर्ट मेन्झीस यांनी ते पत्र सोव्हिएतविरोधी विभागाच्या प्रमुखाकडे दिले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. त्या प्रमुखाचे नाव किम फिल्बी.

फिल्बीचा जन्म १९१२ चा, तोही आपल्याकडच्या अंबाल्यात. वडील सेंट जॉन फिल्बी तेव्हाच्या भारतीय सनदी सेवेत होते. ‘किम’ हे टोपणनाव किपलिंगच्या कादंबरीतील हेरगिरी करणाऱ्या मुलावरून पडले. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण १९३४ मध्ये सोव्हिएत हेरखात्याच्या संपर्कात आला आणि दशकभरात ब्रिटनच्या सोव्हिएतविरोधी विभागाच्या प्रमुखपदी बसला. आपल्या म्हणीप्रमाणे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

व्होल्कोवने उल्लेख केलेला विभागप्रमुख म्हणजे आपणच असू शकतो, हे फिल्बीला पत्र वाचताच कळले. त्याने त्याच दिवशी लंडनमधील आपल्या सोव्हिएत संपर्क अधिकाऱ्याला, बोरिस क्रोटेनशील्डला, सावध केले.

मेन्झीस यांच्या मनात इस्तंबूलला ब्रिगेडियर डग्लस रॉबर्ट्स यांना पाठवायचे होते. त्यांना रशियन येत होते, मध्यपूर्वेतील कामाचा अनुभव होता. फिल्बीने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार रॉबर्ट्स यांनी नकार दिला, कारण ते विमानप्रवास करत नसत. मग फिल्बीने स्वतः जाण्याची तयारी दाखवली. ज्याच्याविषयी माहिती द्यायची, तोच माहिती घ्यायला निघाला.

२१ दिवसांचा हिशेब

● ऑगस्टची अखेर : व्होल्कोवचे पहिले पत्र. उत्तर नाही.
● ४ सप्टेंबर : व्होल्कोव आणि त्याची पत्नी ब्रिटिश वाणिज्य दूतावासात. २१ दिवसांची मुदत सुरू.
● १९ सप्टेंबर : पत्र फिल्बीच्या हाती. सोव्हिएत संपर्क अधिकाऱ्याला इशारा.
● २१ सप्टेंबर : मॉस्कोतील तुर्की दूतावासाकडून दोन सोव्हिएत ‘राजनैतिक संदेशवाहकां’ना व्हिसा. दोघेही प्रत्यक्षात एनकेजीबीचे.
● २४ सप्टेंबर : व्होल्कोव पती-पत्नी विमानातून मॉस्कोकडे.
● २५ सप्टेंबर : मुदत संपली.
● २६ सप्टेंबर : वादळ आणि वळवलेले विमान अशा अडचणींनंतर फिल्बी इस्तंबूलमध्ये दाखल.

पत्र मिळाल्यापासून मॉस्कोला कारवाई पूर्ण करायला पाच दिवस लागले. तेच काम ब्रिटिश यंत्रणेला २२ दिवसांतही जमले नाही.

विमानतळावर कुणी अडवले नाही?

फिल्बी पोहोचल्यावर पेज यांनी सोव्हिएत वाणिज्य दूतावासात फोन करून व्होल्कोवची चौकशी केली. वेगवेगळी उत्तरे मिळाली आणि शेवटी तो मॉस्कोला गेल्याचे सांगण्यात आले. काही आठवड्यांनी चित्र स्पष्ट झाले. फिल्बीने नमूद केल्याप्रमाणे, एक सोव्हिएत लष्करी विमान परवानगीशिवाय उतरले, तुर्की अधिकारी काय करावे याचा विचार करत असतानाच एक गाडी धावपट्टीवर थेट विमानापाशी गेली, स्ट्रेचर चढवले गेले आणि विमान उडाले.

तुर्की अधिकाऱ्यांनी अडवायला हवे होते का? कायद्याने हो. पण जूनमध्येच सोव्हिएत संघाने त्यांच्या जमिनीवर दावा सांगितला होता. एका रशियन माणसासाठी, तोही रशियाच्याच विमानात चढवला जात असताना, तंटा उकरून काढण्याची जोखीम कोण घेणार? तटस्थ देशाने टिकून राहण्यासाठी अंगी बाणवलेली सवयच इथे उपयोगी पडली : पाहिले न पाहिल्यासारखे करणे.

सोव्हिएत नोंदींतून पुढे बाहेर आलेल्या माहितीनुसार व्होल्कोवने चौकशीत ३१४ हस्तकांची नावे देण्याची आपली योजना कबूल केली आणि त्याला ठार करण्यात आले.

मग दोष एकट्या फिल्बीचा का नाही?

फिल्बीने विश्वासघात केला, यात शंका नाही. अनेक वर्षांनी मॉस्कोत दिलेल्या मुलाखतीतही त्याला पश्चात्ताप नव्हता. व्होल्कोव वाईट माणूस होता आणि त्याला त्याचे फळ मिळाले, असाच त्याचा सूर होता. आपण एका बाजूचे सैनिक आहोत, हे त्याचे समर्थन.

पण फिल्बीच्या हाती पत्र पडण्याआधीचे १५ दिवस पाहा. पहिल्या पत्राला कुणी उत्तर दिले नाही. राजदूत मॉरिस पीटरसन रजेवर होते आणि दूतावासाची सूत्रे नॉक्स हेल्म यांच्याकडे होती. दूतावासाच्या छपराखाली हेरगिरीचा व्यवहार वरिष्ठांना पसंत नव्हता, असे फिल्बीच्या आठवणींत आहे. कागद लंडनला पाठवला की आपली जबाबदारी संपली, अशी सोय त्यात होती. व्होल्कोवला लगेच एखाद्या सुरक्षित जागी हलवावे, असा निर्णय इस्तंबूलमध्ये कुणी घेतला नाही. रॉबर्ट्स विमानात बसले नाहीत. मेन्झीस यांनी, ‘हेरविरोधी विभागाचा प्रमुख फितूर आहे’ असे सांगणारे पत्र हेरविरोधी विभागाच्या प्रमुखाकडेच सोपवण्यापूर्वी दुसरा विचार केला नाही.

यातल्या कुणीही नियम मोडला नाही. प्रत्येकाने आपल्या खुर्चीपुरते बरोबर वागून घेतले. ‘स्ट्रुमा’च्या वेळीही हेच झाले होते. नैतिक तडजोड म्हटले की पैसे घेऊन गुपिते विकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इस्तंबूलमध्ये दोन्ही वेळा माणसे दगावली, त्यात टोलवाटोलवी आणि उशिराचा वाटा मोठा होता.

जॉन रीड यांना मात्र हे खटकले. लंडनहून यायला इतका वेळ का लागला, असे त्यांनी फिल्बीला विचारले. उत्तर रजांच्या वेळापत्रकाशी संबंधित होते. हा माणूस एक तर कमालीचा बेजबाबदार आहे किंवा सोव्हिएत हेर, असे रीड यांचे मत झाले. ते मत त्या वेळी कोणत्याही कारवाईपर्यंत पोहोचले नाही.

गुझेन्को वाचला, व्होल्कोव का नाही?

व्होल्कोव इस्तंबूलमध्ये ब्रिटिशांकडे गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ सप्टेंबर १९४५ रोजी, कॅनडात ओटावा येथील सोव्हिएत दूतावासातून इगोर गुझेन्को हा संकेतलिपी कारकून कागदपत्रे घेऊन बाहेर पडला. त्यालाही सुरुवातीला कुणी दाद दिली नाही. वृत्तपत्राच्या कार्यालयातून आणि सरकारी कचेरीतून तो रिकाम्या हाताने परतला. पण तो वाचला आणि १९८२ पर्यंत जगला.

फरक तीन गोष्टींचा होता. गुझेन्कोने कागद अंगावर आणले होते. व्होल्कोवने ते मॉस्कोत ठेवून सौद्याचे हत्यार केले होते. गुझेन्को दूतावासातून बाहेर पडला तो परत गेला नाही. व्होल्कोव रोज त्याच कचेरीत जात राहिला. आणि गुझेन्को ज्या देशात होता, तिथले शेजारी आणि पोलीस ऐनवेळी त्याच्या बाजूने उभे राहिले.

खुद्द इस्तंबूलमध्येही वेगवान सुटकेचे उदाहरण होते. १९४४च्या सुरुवातीला एरिक व्हर्मेरन या जर्मन गुप्तचर अधिकाऱ्याला पत्नीसह ब्रिटिशांनी तिथून बाहेर काढले होते. त्या कामात निकोलस एलियट हा तरुण अधिकारी होता. या फितुरीनंतर हिटलरने आपली लष्करी गुप्तचर संस्थाच मोडीत काढली. अर्थात त्याचीही किंमत होती : व्हर्मेरनच्या जर्मनीतील नातलगांना छळछावणीत टाकले गेले.

फिल्बीवर संशय कसा आला?

१९५१ मध्ये फिल्बीचे केंब्रिजपासूनचे साथीदार गाय बर्जेस आणि डोनाल्ड मॅक्लीन मॉस्कोला पळाले. फिल्बीला राजीनामा द्यावा लागला आणि त्याची चौकशी झाली. तेव्हा व्होल्कोव प्रकरणातील एक जुना तपशील पुढे आला. व्होल्कोवची माहिती लंडनला पोहोचल्यानंतर दोन दिवसांत लंडन-मॉस्को सोव्हिएत रेडिओ संदेशांची संख्या एकाएकी वाढली होती. त्यापाठोपाठ मॉस्को-इस्तंबूल संदेशही तसेच वाढले होते.

ते संदेश वाचता आले नव्हते. पण कोणी, कोणाला, कधी आणि किती संदेश पाठवले, एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. यालाच आज आपण मेटाडेटा म्हणतो. फोनवर तुम्ही काय बोललात हे माहीत नसले तरी रात्री दोन वाजता कुणाला सलग दहा कॉल केले, यावरून बरेच काही कळते, तसे. अडचण एवढीच की, आलेख संशय दाखवतो, नाव नाही. न्यायालयात टिकेल असा पुरावा त्यातून उभा राहिला नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये परराष्ट्रमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी संसदेत फिल्बीला दोषमुक्त ठरवले.

अखेर जानेवारी १९६३ मध्ये बैरुतमध्ये फिल्बीकडून कबुली मिळवली ती निकोलस एलियटने, त्याच्या जवळच्या मित्राने. काही दिवसांत फिल्बी मॉस्कोला निसटला आणि १९८८ मध्ये तिथेच वारला.

मधल्या काळात इस्तंबूलचे काय झाले?

या कथेतला सर्वांत बोचरा भाग म्हणजे १९४७च्या सुरुवातीला एमआय-६ने फिल्बीलाच इस्तंबूल केंद्राचा प्रमुख नेमले. तो १९४९ पर्यंत तिथे होता. बॉस्फरसच्या आशियाई काठावर घर, समोर सामुद्रधुनी. याच काळात तुर्की सीमेवरून सोव्हिएत जॉर्जियात स्थलांतरित तरुण पाठवण्याची मोहीम आखली गेली. बातमी मॉस्कोला आधीच होती. सीमा ओलांडलेले तरुण परत आले नाहीत.

तुर्कस्ताननेही तटस्थता सोडली. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलरच्या मदतीची मागणी संसदेपुढे ठेवली. फेब्रुवारी १९५२ मध्ये तुर्कस्तान नाटोत सामील झाला. सोव्हिएत दबावाने त्याला ज्या बाजूला जाऊ द्यायचे नव्हते, त्याच बाजूला ढकलले.

असे तटस्थ ठिकाण आपल्याजवळ होते का?

होते. पोर्तुगाल तटस्थ असल्याने गोवाही तटस्थ होता. युद्ध सुरू झाल्यावर तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला थांबले. त्यांपैकी ‘एरेनफेल्स’वरून गुप्त ट्रान्समीटरने पाणबुड्यांना माहिती जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात नौदल घुसवता येत नव्हते. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतील वयस्क सदस्यांनी ९ मार्च १९४३च्या रात्री एका जुन्या बार्जमधून येऊन हल्ला केला. त्या रात्री चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी निकामी केली. ब्रिटनने बराच काळ हात झटकले. हकीकत पुस्तकरूपाने आली ती १९७८ मध्ये. तटस्थतेचा आदर करायचा आणि ती मोडायचीही, हे फक्त बॉस्फरसच्या काठी घडत नव्हते.

या प्रकरणातून आज काय कळते?

पहिली गोष्ट, तक्रार करणाऱ्याचे पत्र ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच विभागात जाणार असेल, तर यंत्रणा कितीही नियमबद्ध असली तरी ती तक्रारदाराला वाचवू शकत नाही. गुप्तचर संस्था असो, बँक असो की सरकारी कचेरी, गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यासाठी वेगळी वाट लागते, ती याचसाठी.

दुसरी, सुरक्षित तंत्रज्ञान आणि विश्वासू माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी आहेच, असे धरून चालता येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. व्होल्कोवने स्वतःच सांगितले होते की त्याच्याकडे २१ दिवस आहेत. ते ऐकणाऱ्यांना मात्र ही तारीख आपल्याला बांधील वाटली नाही. झोया व्होल्कोवा तर कोणताही सौदा करायला बसली नव्हती. ती नवऱ्याबरोबर त्या कचेरीत आली होती, इतकेच. २४ सप्टेंबरच्या त्या विमानात तीही होती.